हसवणाऱ्यांच्या वाढदिवसाला आपण रडतो का?

झी मराठीवर १८ ऑगस्ट २०१४ रोजी ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि मार्च २०२४मध्ये त्याने निरोप घेतला. हिशेब करा. दहा वर्षं पूर्ण व्हायला पाच महिने कमी पडले. ज्या थुकरटवाडीत शाहरुख, सलमान आणि आमिर असे तिन्ही खान हजेरी लावून गेले, जी महाराष्ट्र फिरली, देश फिरली आणि मग विमानात बसून परदेशदौराही करून आली, तिला स्वतःचा दहावा वाढदिवस काही बघता आला नाही. सव्वा वर्षाने, जुलै २०२५मध्ये, त्याच नावाने कार्यक्रम परतला. पण निलेश साबळेच्या जागी अभिजीत खांडकेकर होता, भाऊ कदम नव्हते, आणि शेजारच्या चॅनेलवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधून मोठा झालेला गौरव मोरे आता या मांडवात होता. अशा वेळी वाढदिवस धरायचा तरी कोणत्या तारखेपासून?

त्याच वर्षी अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने पन्नाशी साजरी केली. ११ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेला कार्यक्रम, आणि १६ फेब्रुवारी २०२५ला त्याचा जवळपास तीन तासांचा विशेष भाग. मी तो तुकड्यातुकड्यांत पाहिला, जसं आपण हल्ली सगळंच बघतो. विक्रोळीला फास्ट लोकल थांबत नाही, त्यामुळे आमच्याकडे क्लिपा बघायला वेळ भरपूर. विक्रोळीला चढलात की कुर्ला येईपर्यंत एक स्किट आरामात होतं.

तो भाग बघताना एक प्रश्न डोक्यात बसला तो उठेना. आपल्या एखाद्या विनोदी कार्यक्रमाने असा मोठा वर्धापन सोहळा केला, तर त्यात काय असेल? तुम्ही मराठी टीव्ही बघत असाल तर डोळे मिटून सांगाल.

* * *

सुरुवातीला केक. मग शाल-श्रीफळ नाही तर फ्रेममध्ये बसवलेला आकडा: शंभर, पाचशे, जो काही असेल तो. मग ‘हा प्रवास सोपा नव्हता’ अशा आवाजातली चित्रफीत. मग एकेका कलाकाराला पुढे बोलवायचं. पडद्यावर त्याचं जुनं घर, जुना फोटो, पहिल्या एकांकिकेतला बारीक चेहरा. आणि मग, सगळ्यांना माहीत असलेलं सरप्राइज: विंगेतून आई येते. कलाकार रडतो, सहकलाकार रडतात, परीक्षकांच्या खुर्चीतून टिशू पेपर निघतो. मागे बासरी. कॅमेरा प्रेक्षकांतल्या एका काकूंवर जातो, त्या पदराने डोळे पुसतायत.

आकड्यांचे असे भाग मी भरपूर पाहिलेत. कधी कार्यक्रम विनोदाचा असतो, कधी गाण्याचा, कधी मालिकेतल्या लग्नाचा. साचा तोच. मी त्याची टर उडवत नाहीये, कारण मीही तिथे दर वेळी रडते. आईला स्टेजवर आणलं की माझं काही चालत नाही.

पण रडून झालं की एक गोष्ट खुपत राहते. दोन तासांच्या त्या सोहळ्यात सगळं असतं, फक्त विनोद नसतो. म्हणजे जुन्या स्किटचे चार-पाच सेकंदांचे तुकडे असतात: कोणी खुर्चीवरून पडतंय, कोणी डोळे गरागरा फिरवतंय. ते तुकडे ‘आम्ही हसवलं’ याचा पुरावा म्हणून लावलेले असतात. त्यांतला विनोद काय होता, तो कोणाला सुचला, तो का चालला, यावर कोणी एक वाक्य बोलत नाही. ज्या कामासाठी सोहळा आहे, ते काम सोडून बाकी सगळ्याचा सत्कार होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडे हसवणाऱ्याला मान मिळवायचा असेल तर आधी रडवून दाखवावं लागतं. वर्धापनाचे भाग हा त्याचा सगळ्यात लखलखीत नमुना. आणि यात नुकसान लेखनाचं होतं.

* * *

याचा सगळ्यात नेमका दाखला खुद्द ‘चला हवा येऊ द्या’मध्येच सापडतो. त्यात सागर कारंडे पोस्टमन बनून यायचे आणि पत्र वाचायचे. आधी पाऊण तास धुमाकूळ, साड्या नेसलेले पुरुष, सिनेमांची विडंबनं, आणि मग अचानक दिवे मंद. पत्र कधी शेतकऱ्याचं, कधी सैनिकाच्या घरातलं, कधी म्हाताऱ्या आईबापाचं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की पत्र लागू पडलं असं समजायचं.

ती पत्रं अरविंद जगताप लिहायचे. हे तुम्हाला कदाचित माहीत असेल. ‘पत्रास कारण की’ या नावाने त्यांचं पुस्तकही निघालं. लेखकाचं नाव घराघरांत पोचलं याचा मला मनापासून आनंद आहे. ती पत्रं चांगलीही होती. पण जरा थांबून बघा: जवळपास दहा वर्षं चाललेल्या एका विनोदी कार्यक्रमातून ज्या लेखनाचं लेखन म्हणून नाव झालं, ते त्यातलं न हसवणारं लेखन. थुकरटवाडीतली शेकडो प्रहसनं कोणीतरी बसून लिहिलीच असतील ना? पंच कुठे ठेवायचा, कोणाची एन्ट्री आधी, भाऊ कदमांना किती कमी वाक्यं द्यायची म्हणजे ते नुसते उभे राहून हशा घेतील, हे कोणीतरी ठरवलंच असेल. त्याचं पुस्तक होईल असं आपल्याला कधी वाटलं का? छापायच्या लायकीचं ते असतं, हेच आपल्या गावी नसतं.

लेखकांची नावं श्रेयनामावलीत असतात, नाही असं नाही. पण मोबाइलवर क्लिप फिरते तोवर ती नावं कापली गेलेली असतात. क्लिपचं शीर्षक नटाच्या नावाने. नाटकाला नाव असतं, एकांकिकेला नाव असतं. स्किटचं आपल्याला आठवतं ते असं: ‘अरे ते नाही का, ज्यात समीर चौगुले येतात आणि मग विशाखा सुभेदार…’ ज्याला हाक मारायला नाव नाही, त्याची आठवण किती दिवस टिकणार?

तिकडची गोष्ट वेगळी आहे ती इथे. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ची मुख्य लेखक म्हणून टीना फे आधी माहीत झाली आणि पडद्यावरची टीना फे त्यानंतर. जॉन मुलेनी तिथे लेखक होता, पुढे पाहुणा सूत्रसंचालक म्हणून परत परत आला. तिथे लिहिणं हा विनोदाचा पुढचा दरवाजा आहे. आपल्याकडे तो अजून मागच्या गल्लीत उघडतो.

* * *

गंमत म्हणजे आकड्यांचा सोहळा कसा करायचा हे मराठी माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. शंभरावा प्रयोग, पाचशेवा प्रयोग, हजारावा प्रयोग, त्याची वर्तमानपत्रातली जाहिरात, हे आपल्या रंगभूमीचं जुनं प्रेम. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रशांत दामले यांनी षण्मुखानंदमध्ये कारकिर्दीतला १२,५००वा प्रयोग केला. सत्कार झाला, मान्यवर आले, भाषणं झाली. पण त्या संध्याकाळी प्रयोगही झालाच: ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’. विक्रमाच्या दिवशीसुद्धा नटाला कामावर हजर राहावं लागलं. त्या दिवशीचा हशा त्या दिवशीच कमवावा लागला.

नाटकाच्या आणि टीव्हीच्या सोहळ्यातला फरक हाच. नाटकाच्या हजाराव्या प्रयोगाला नाटक होतं. टीव्हीच्या पाचशेव्या भागाला फक्त सत्कार होतो.

‘वस्त्रहरण’ घ्या. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं, त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. तात्या सरपंच म्हटलं की मच्छिंद्र कांबळीच डोळ्यांसमोर येतात. कांबळी २००७ साली गेले. नाटक संपलं का? नाही, दुसऱ्या नटांनी ते पुढे नेलं. कांबळींची सर आली की नाही यावर दशावतारापासून दादरपर्यंत वाद घाला, पण वाद घालता येतो, कारण नाटक शिल्लक आहे. कागदावर आहे, लेखकाचं नाव त्यावर आहे, आणि ते दुसऱ्याला करता येतं. विनोद म्हणजे फक्त त्या एका नटाचा चेहरा असता, तर तो त्याच्याबरोबर गेला असता.

आता स्किट त्या तोलाचं असतं का, असं तुम्ही विचाराल. दहा-बारा मिनिटांचा खेळ, आठवड्याच्या घाण्यातून निघालेला. त्याला नाटकाच्या रांगेत कशाला बसवायचं?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते आमच्या कन्नमवार नगरात सापडलं.

* * *

दोन्ही कार्यक्रम ऑगस्टमध्ये जन्मलेले. ‘चला हवा’ २०१४च्या, ‘हास्यजत्रा’ २०१८च्या. आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे गणपती. कन्नमवार नगर ही म्हाडाची वसाहत. जुन्या इमारती एकेक करून पडतायत आणि टॉवर उभे राहतायत, पण मंडळाच्या गणपतीत एक संध्याकाळ अजून ‘विविध गुणदर्शना’ची असते. पूर्वी त्यात एकपात्री, नकला आणि कोणीतरी बसवलेली एकांकिका असायची. वसाहतीतल्या कितीतरी काकांनी कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धांत कामं केलेली. ते दिग्दर्शन करायचे, म्हणजे ओरडायचे. नाटक बघायचं तर मुलुंडचं कालिदास किंवा ठाण्याचं गडकरी, पण करायचं तर ते वाडीतल्या मांडवात.

गेली काही वर्षं मुलं एकांकिकेऐवजी ‘हास्यजत्रा’तली स्किटं करतात. मी दोन वर्षांपूर्वी नीट बसून बघितलं. त्या संध्याकाळी दोन स्किटं झाली.

पहिल्यात एक मुलगा केस उडवत, गॉगल लावून आला आणि गौरव मोरेची ओळख-ओळ फेकली. मांडव दणाणला. विक्रोळीहून लिंक रोडने पवईकडे निघालं की फिल्टरपाडा काही लांब नाही. ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ हा आमच्यासाठी टीव्हीतला माणूस नाही, पलीकडच्या गल्लीतला आहे. पण ती टाळी ओसरल्यावर मुलाच्या हातात काही उरलं नाही. त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतली लहान पोरं उठून प्रसादाकडे गेली.

दुसऱ्यात एका घरातला साधा प्रसंग होता: शांत बसू पाहणारा एक माणूस आणि त्याच्या घरात एकामागून एक शिरणारी, आपापल्या धुंदीत असलेली चार माणसं. ‘हास्यजत्रा’चा हा लाडका ढाचा. टीव्हीवर त्या शांत माणसाचं काम एका नावाजलेल्या नटाने केलं होतं. मांडवात ते नववीतली एक मुलगी करत होती. तिने नक्कल केली नाही, करताच आली नसती. ती फक्त दर नव्या माणसाच्या एन्ट्रीला थोडी जास्त थकत गेली. आणि लोक हसले. टीव्हीवर जिथे हसले होते तिथेच हसले, शिवाय एक-दोन नव्या जागी.

ते स्किट लिहिलेलं होतं, म्हणून दुसऱ्याच्या अंगावर बसलं. पहिलं फक्त एका माणसाच्या अंगावर शिवलेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर कळलं की ते स्किट एका मुलाने यूट्यूबवर थांबवत थांबवत, वाक्य न् वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. वहीत कंसात सूचनाही होत्या: ‘इथे थांब’, ‘इथे हसू संपू दे’. त्या वहीवर मूळ लेखकाचं नाव नव्हतं, कारण ते त्याला कुठे दिसलंच नव्हतं. मी विचारलं, तुला नट व्हायचंय का? म्हणाला, नाही, मला हे असं लिहायचंय. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईने लगेच दुरुस्ती केली: ‘ॲक्टिंगमध्येच जाईल तो.’ तिचं काही चुकलं नाही. टीव्हीवर आई ज्याच्यासाठी स्टेजवर येते, तो नट असतो. लेखकाची आई स्टेजवर आलेली तिने कधी बघितलीच नाही.

म्हणून हा विषय मला नुसत्या हौसेचा वाटत नाही. मराठी विनोद पुढच्या वीस वर्षांत कोण लिहिणार, हे अशाच मुलांवर ठरणार आहे, आणि हे काम असतं हे त्यांना सांगायची जागा आपण दर वर्धापनाला वाया घालवतोय.

* * *

‘हास्यजत्रा’ने कलाकारांना गावावरून, उपनगरावरून नावं दिली. फिल्टरपाड्याचा बच्चन, कल्याणची चुलबुली, कोकणचा कोहिनूर. ही कल्पना मला अजूनही फार आवडते. मराठी पडद्यावरची मुंबई बराच काळ दादर-गिरगाव-पार्ले या त्रिकोणात अडकलेली होती. सोनी मराठीवर सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी उभ्या केलेल्या या कार्यक्रमाने ती लोकलच्या पुढच्या स्टेशनांवर नेली. शिवाली परब, गौरव मोरे, ओंकार भोजने, भांडुपचा निखिल बने या मुलांच्या बोलण्यातली लय चाळीची, पाड्याची, कोकणातल्या घराची आहे. हसू येतं ते त्या लयीमुळे.

पण सोहळ्याच्या भागात काय होतं? त्याच फिल्टरपाड्याची ‘संघर्षकथा’ होते. दहा बाय दहाची खोली, सार्वजनिक नळ, तिथून इथवर. खोटं त्यात काही नाही. पण ज्या माणसाने त्या खोलीतून एक तिरकी नजर आणली, बोलण्याची एक ढब आणली, त्याच्याकडून आपण फक्त खोली मागून घेतो. नजरेचं कौतुक करायला वेळ उरत नाही. गरिबी ही त्याची कमाई नव्हे हो, कमाई त्याचं टायमिंग आहे.

* * *

परत त्या अमेरिकेतल्या पन्नाशीकडे येते. तीन तासांत तिथेही आत्मस्तुती होतीच. सुरुवातीला पॉल सायमन, शेवटाला पॉल मॅकार्टनी, मध्ये ॲडम सँडलरचं भावुक गाणं. रडायची सोय त्यांनीही केली होती. पण भागाचा कणा नव्या स्किटांचा होता. एडी मर्फी, मेरिल स्ट्रीप, केट मॅकिनन यांना जुन्या-नव्या पात्रांत घालून त्या रात्री पुन्हा कामाला लावलं होतं. काही बसली, काही पडली. पडली म्हणूनच बसलेल्यांची किंमत कळली.

आणि एक गोष्ट त्यांनी केली जी आपल्याकडे मला कल्पनेतही दिसत नाही. टॉम हँक्स गंभीर चेहऱ्याने श्रद्धांजली वाहायला आला. वाटलं, दिवंगत कलाकारांची आठवण असणार. निघाली दिवंगत विनोदांची: ज्यांवर कधीकाळी स्टुडिओ हसला आणि जे आज बघवत नाहीत, अशी स्वतःचीच स्किटं आणि पात्रं. तिथेही त्यांनी हशाच घेतला, म्हणजे पूर्ण हिशेब दिला असं नाही. पण वही उघडली तरी.

आपण वही उघडली तर काय निघेल? पहिलं, साडी. थुकरटवाडीत बरीच वर्षं स्त्री कलाकार म्हणजे मुख्यतः एकटी श्रेया बुगडे. बाकीच्या बायका भाऊ कदम, सागर कारंडे आणि मंडळी व्हायची. श्रेयाची नक्कल करण्याची ताकद जबरदस्त. तरी कितीदा असं झालं की बाईने केलेल्या विनोदापेक्षा पुरुषाने नेसलेल्या साडीला मोठी टाळी मिळाली. याचं समर्थन करताना लोक बालगंधर्वांचं नाव घेतात. पण बालगंधर्वांची साडी बघून बायका तशी साडी नेसायला शिकल्या, हसल्या नाहीत. पुरुषाने बाई होणं ही तिथे कला होती. आपल्या प्रहसनात बरेचदा बाई असणं हाच विनोद असतो.

इथे ‘हास्यजत्रा’ पुढे गेली हे मोकळेपणाने सांगायला हवं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब, रसिका वेंगुर्लेकर, चेतना भट, ईशा डे: बायकांनी बायकांची कामं केली, आणि नुसती समंजस बायकोची नाहीत. त्या आचरट झाल्या, भांडकुदळ झाल्या, लोचट झाल्या. हसवणाऱ्या बाईला सुंदर दिसण्यातून सुट्टी मिळाली. पण शरीरावरचे विनोद? जाड माणूस आला की खुर्ची मोडणार, काळा माणूस आला की दिवे लावणार. २०२१मध्ये वनिता खरातने आपल्या शरीराबद्दल ठाम भूमिका घेऊन एक फोटो प्रसिद्ध केला, त्याची सगळीकडे चर्चा झाली, कौतुक झालं. पण प्रहसनाच्या पानावर जाडेपणाचा सोपा पंच अजून संपलेला नाही. कलाकार पुढे गेल्या, संहिता मागून चालत येतेय.

आणि दुसरं, जे निघणारच नाही ते: राजकारण. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ची अर्धी ओळख म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या नकला. आपल्याकडे नेत्याची नक्कल झाली की दुसऱ्या दिवशी हात जोडून दिलगिरीचा व्हिडिओ येतो. मग विनोद वळतो तो बायको, सासू, शेजारी, पाहुणे यांच्याकडे, कारण ते मोर्चा काढत नाहीत. वर्धापनाच्या दिवशी हेही बोलायला हवं की आम्ही काय काय लिहिलं आणि फाडलं. ते ऐकायला मी बासरीशिवाय रडेन.

* * *

एक आक्षेप रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. या लोकांवर केवढा बोजा असतो? आठवड्याला तीन-चार भागांचा रतीब घालायचा, त्यात दर भागात दोन-तीन स्किटं. लिहा, पाठ करा, उभं करा, शूट करा, विसरा. नाटकवाल्यांना महिनाभर तालीम मिळते, यांना दिवसही मिळत नाही. असल्या घाण्यात कोणी अमर साहित्य मागू नये. एका संध्याकाळी त्यांनी केक कापला, आईला मिठी मारली, तर समीक्षकाच्या पोटात का दुखावं?

दुखत नाही. उलट म्हणूनच मला वाटतं की त्या घाण्यातूनही जे पाच-पंचवीस तुकडे खणखणीत निघाले, ते वेगळे काढून ठेवायला हवेत. माझी आई मुंबई दूरदर्शनवरच्या ‘गजरा’बद्दल अजून बोलते. विनायक चासकरांचा कार्यक्रम, त्यातली छोटी प्रहसनं, ते दिवस. पण ‘त्यात होतं काय?’ असं विचारलं की ती हसून म्हणते, ‘खूप मजा यायची.’ बस, एवढंच. एका पिढीच्या हसण्याचा सारांश तीन शब्दांत. आपल्याकडे तर क्लिपांचा ढीग आहे, तरी तीस वर्षांनी आपणही मुलांना एवढंच सांगू: ‘खूप मजा यायची.’ कारण ढीग म्हणजे आठवण नव्हे. आठवणीसाठी कोणीतरी निवडावं लागतं, नाव द्यावं लागतं, पुन्हा करून बघावं लागतं.

ऑगस्ट २०२८मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ला दहा वर्षं होतील. टीव्हीचा काही भरवसा नाही, ‘चला हवा’ने आपल्याला ते शिकवलंय. पण तोवर कार्यक्रम तगला, आणि तगावा, तर त्या विशेष भागासाठी माझी मागणी साधी आहे. केक कापा. आयांना बोलवा, रडायला आम्ही तयार आहोत. मग दिवे नीट लावा आणि दहा वर्षांतली पाच स्किटं पुन्हा करा. जशीच्या तशी, पण कामं बदलून. चौगुलेंचं काम नम्रताला द्या, नम्रताचं प्रसाद खांडेकरला. क्लिपचा आधार नाही, परीक्षकांच्या हसण्याचे क्लोजअप नाहीत. जे पडेल ते पडू दे. जे आता बघवत नाही, ते का बघवत नाही हे एका वाक्यात सांगा. आणि प्रत्येक स्किटच्या आधी पडद्यावर दोनच ओळी येऊ द्या, मोठ्या अक्षरांत: स्किटचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव.

एवढं झालं तर कन्नमवार नगरातल्या त्या वहीत वरची रिकामी ओळ भरता येईल.